डाव्या दंडावरचा वण

देवाच्या कृपेचे अनुभव बहुधा भाविकांना येतात. मी भाविक नव्हतो. मी संशयी होतो, आणि त्याचा मला अभिमान होता. गवळण दूध घेऊन आली की कासंडीत बोट बुडवून थेंब नखावर धरून बघणारा, पत्र आलं की मजकुराआधी लिफाफा मधेच कुणी उघडला होता का हे उजेडात धरून तपासणारा, देवळात प्रसाद हातावर पडला तरी गुरवाने कालचाच तर माथी मारला नाही ना, असं मनात म्हणणारा. गावच्या शाळेत मास्तर होतो, म्हणून लोक या खोडीला हुशारी म्हणत. पत्नी मात्र म्हणायची, "तुम्हाला देवाने डोळे दिले नाहीत, दुर्बीण दिली आहे. लांबचं तेवढं अगदी स्वच्छ दिसतं." तेव्हा मला ती थट्टा वाटायची.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. आमचा कुलाबा जिल्हा, चौलपासून कोस-दीड कोसावरचं आमचं गाव. पुढे नारळी-पोफळीच्या वाड्या, मागे खाडी. आमचा थोरला मुलगा तेव्हा पाच महिन्यांचा होता. वर्षातून एकदा गावात देवीच्या रोगाची लस टोचणारा माणूस यायचा. तो काही डॉक्टर नव्हता, पण सगळे त्याला देवी डॉक्टर म्हणत. सायकलला खाकी पिशवी अडकवून तो आला की शाळेच्या ओसरीवर बसायचा आणि पोरांना गोळा करायचं काम माझ्याकडे यायचं. बारीक अंगाचा, अबोल माणूस. कमी बोलणाऱ्याजवळ काहीतरी लपवण्यासारखं असतं, हा माझा सिद्धांत. त्या वर्षी मी त्याला मुद्दाम विचारलं, की या काचेच्या नळीतली लस येते कुठून? तो सरळ म्हणाला, "वासराच्या अंगावर वाढवतात, मास्तर." ते ऐकल्यापासून माझं मन फिरलं. वासराच्या अंगावरची घाण माझ्या मुलाच्या रक्तात? आणि ज्या आईला आम्ही शीतळा म्हणून हात जोडतो, तिला सुईने टोचून घरात बोलवायचं?

पण मास्तरच मागे राहिला तर गाव काय म्हणेल? टोचून झाल्यावर काय करायचं नाही, हे सगळ्या बायकांना मोठ्याने समजावून सांगायचं कामही माझंच होतं. कारण आमच्याकडे एक जुनी रीत होती. मूल टोचून घरी आणलं की ओल्या फडक्याने दंड पुसायचा आणि वर शेणीची राख दाबायची. सुईची आग राखेने निवते, असं सगळ्या म्हाताऱ्या सांगत. मी ओसरीवर उभा राहून बजावलं, "दंड पुसायचा नाही, राख लावायची नाही, काहीच लावायचं नाही. आपोआप सुकू द्यायचं. आठव्या दिवशी हे बघायला येतील." मग सर्वांच्या देखत माझ्याच मुलाला पहिल्यांदा पुढे केलं. त्याच्या डाव्या दंडावर दोन जागी लस लावून दातेरी सुई फिरवली. तो रडला, पत्नीने त्याला पदराखाली घेतलं आणि आम्ही घरी आलो. पत्नी विहिरीवर गेली तेवढा वेळ मूल माझ्यापाशी होतं.

चौथ्या दिवशी दंड सुजला. पाचव्या दिवशी सूज कोपरापर्यंत उतरली, जागा काळी-निळी पडून पू धरला आणि दुपारी माझ्या मांडीवरच त्याला आकडी आली. ते इवलं शरीर ताठ झालेलं मी पाहिलं आहे. त्याचे फिरलेले डोळे मी पाहिले आहेत. बैलगाडीतून त्याला मोठ्या गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जखम कापून पू काढला, पेनिसिलीनची इंजेक्शनं सुरू केली आणि विचारलं, "यावर काही लावलं होतंत का?" पत्नी रडत म्हणाली, "नाही हो, काहीसुद्धा नाही." मी खिडकीशी उभा होतो. मी काही बोललो नाही.

पंधरा दिवसांनी मूल वाचून घरी आलं. दंडावर वेडावाकडा, चामडी ओढल्यासारखा वण राहिला आणि तो हात खांद्याच्या वर जाईना. पण त्याआधीच एक गोष्ट घडली. आठव्या दिवशी ठरल्याप्रमाणे तो देवी डॉक्टर गावात आला, तेव्हा मी कपडे न्यायला घरी आलो होतो. मुलाची हकीकत कळताच तो धावत माझ्या अंगणात आला. म्हणाला, "मास्तर, त्या जागेवर कुणी—" मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. "खाटीक आहेस तू, खाटीक!" असं म्हणून मी त्याची पिशवी रस्त्यावर भिरकावली. सगळी आळी बघत होती. त्याने मुकाट्याने पिशवी झटकली, आतल्या नळ्या फुटल्या का ते पाहिलं आणि सायकल हातात धरून चालू लागला. त्या दिवसापासून आमच्या आळीत एकाही मुलाला टोचू दिलं गेलं नाही, आणि तो माणूसही पुन्हा शाळेच्या ओसरीवर आला नाही. मास्तरांच्या मुलाचं असं झालं, मग आपल्याची काय कथा, असं लोक म्हणत, आणि खोटं कशाला बोलू, मला ते ऐकून बरं वाटायचं.

तीन वर्षं गेली. आम्हाला मुलगी झाली. ती पाच महिन्यांची झाली तेव्हा चैत्र लागला होता. खाडीपलीकडच्या वाडीत होडीवरच्या एका तांडेलाच्या घरी देवी आल्याची बातमी त्याच सुमारास आली. आधी एक मूल, मग शेजारच्या घरातली दोन. त्यातलं एक गेलं. सोमवारी देवी डॉक्टर येणार, असा निरोप शाळेत आला. निरोपाचा कागद मी घडी घालून खिशात ठेवला आणि तो खिशात चार दिवस जळत राहिला.

प्रत्येक गोष्टीवर मत असलेल्या मला त्या चार दिवसांत एकही मत सुचलं नाही. सुचत होते ते नुसते संशय. देवी आल्याची ही आवई सुईवाल्यांनीच तर उठवली नसेल? उठवली नसेल तर पलीकडून रोज येणारी होडी काय काय घेऊन येत असेल? लस शिळी नसेल कशावरून? मागच्या वेळी ज्याचा मी अपमान केला, तोच माणूस सूड म्हणून माझ्या मुलीच्या दंडात काय घालेल? दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. माझं तर पाणीसुद्धा फुंकून पिणं चाललं होतं. पत्नी मुलीला पाजता पाजता म्हणायची, "थोरला हात गमावून बसला. हिला टोचलं आणि आकडी आली तर? नाही टोचलं आणि आई घरात आल्या तर? तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही सांगा." मी म्हणायचो, बघू. शेवटी शनिवारी तीच म्हणाली, "तुमचं बघणं पुरे झालं. आपण देवीला विचारू."

गावाबाहेर आमच्या शीतळादेवीचं छोटं कौलारू देऊळ आहे. तिथे कौल लावतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलाची कळी चिकटवतो आणि आपण मनातला प्रश्न विचारायचा. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. रविवारी सकाळी आम्ही दोन्ही मुलांना घेऊन गेलो. टोचावं का, हा प्रश्न. हात जोडून उभा होतो मी, पण लक्ष गुरवाच्या बोटांवर. तो पाणी दोन्हीकडे सारखं लावतो का ते बघत होतो. थोड्याच वेळात उजवी कळी पडली. पत्नीने सुटकेचा श्वास टाकला. मी म्हणालो, "उजवीकडे पाणी कमी लावलं होतं. पुन्हा लावा." गुरव माझ्याकडे बघतच राहिला. तरी त्याने पुन्हा कळ्या लावल्या. या वेळी मूर्तीचे खांदे मी स्वतः पंच्याने पुसून दिले.

आता कळी पडेना. ना उजवी, ना डावी. आम्ही उभे राहून थकलो, बसलो. गुरव म्हणाला, "आईनं एकदा सांगितलं मास्तर, तुम्ही ऐकलं न्हाय. आता बसा." खरं सांगतो, त्या वेळी मला देवीचाही संशय आला. हिला माझ्या मनातलं सगळं ठाऊक असणार आणि म्हणूनच ही गप्प आहे, असं वाटलं. त्या मौनाने मी जितका घाबरलो तितका आकडीनेही घाबरलो नव्हतो.

सभामंडपात खांबाला टेकून एक म्हातारी कोळीण बसली होती. पुढ्यात केळीच्या पानावर दहीभात. शीतळेला गरम चालत नाही, तिला थंड नैवेद्य. कौल संपल्याशिवाय नैवेद्य दाखवता येत नाही, म्हणून ती आमच्यामुळे खोळंबली होती. तिचं तोंड देवीच्या वणांनी भरलेलं होतं, एक डोळा पांढरा. आमचा मुलगा खेळत खेळत तिच्याजवळ जाऊन बसला. माझ्या मनात पहिला विचार आला, की ही खाडीपलीकडची तर नसेल? वण जुने होते, तिच्यापासून कसलीच भीती नव्हती, हे न कळण्याइतका मी अडाणी नव्हतो. पण संशयाला अक्कल कुठे असते? मी धावत जाऊन मुलाचा हात ओढला. उकाड्याचे दिवस, मूल उघडंच होतं. तिला त्याचा दंड दिसला. तिने माझ्या हातातून तो हात अलगद सोडवून घेतला आणि वणावरून अंगठा फिरवला.

"ही देवी उठलेली न्हाय, भाऊ," ती म्हणाली. "देवी उठली का वाटोली खून ऱ्हाते, चिंचोक्यावानी. ही चिघळलेली हाय. वर काय लावलं व्हतं?"

पत्नी म्हणाली, "काही नाही हो, आजी. काहीसुद्धा लावलं नव्हतं."

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं नाही. त्या एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. "राख?"

मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. पत्नी विहिरीवर गेली तेवढ्यात मी ओल्या धोतराच्या सोग्याने ती लस खसाखसा पुसून काढली होती आणि न्हाणीच्या चुलीतली शेणीची राख त्या ताज्या ओरखड्यांवर अंगठ्याने दाबली होती. ज्या ओसरीवरून मी साऱ्या बायकांना राख लावू नका म्हणून बजावलं, तिथून घरी येऊन घटकाही झाली नव्हती. रात्री राख झडून गेली. पत्नीला काही दिसलं नाही. दंड सुजला तेव्हा मी वासराचा संशय घेतला, सुईचा घेतला, त्या माणसाचा घेतला. राखेचा घेतला नाही, कारण राख माझ्या हाताने लावलेली होती. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा खिडकीबाहेर बघत राहिलो. पुढे तर मी स्वतःपाशीसुद्धा ती गोष्ट काढेनासा झालो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधत फिरलो आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ तीन वर्षं सांभाळून ठेवलं.

"हो," मी म्हणालो. "मीच लावली."

पत्नीचा श्वास ऐकू आला मला. म्हातारीला मात्र काही नवल वाटलं नाही. ती मुलाचा दंड कुरवाळत म्हणाली, "म्या बी लावलेली. थोरल्याचा हात सुजला. सुईवाल्याला म्या लई शिव्या घातल्या, आन् धाकट्याला टोचूच दिला न्हाय. मंग आई आली घरात. थोरल्याची देवी राखेखाली मेलेली, धाकट्याची कंदी काढलीच न्हाय. दोन्ही गेलं. माजा ह्यो डोळा गेला. लोक म्हनतात आईनं नेलं. म्या म्हनते, आईच्या नावावर कशाला घालता? माज्या हातानं नेलं." मग पत्नीच्या कडेवरच्या मुलीकडे बघून म्हणाली, "हिचा दंड कोरा हाय अजून. आन् ह्याचाबी कोराच समज."

ह्याचाबी! थोरल्याने हात गमावला, पण निदान त्याला देवीचं भय नाही, हाच तर माझा आधार होता. तो तिने एका वाक्यात काढून घेतला. माझं एक नव्हे, दोन्ही मुलं उघड्यावर होती. मी तिथेच खांबाला डोकं टेकून रडलो. बायकामुलांदेखत, गुरवादेखत. कधी रडलो नव्हतो तसा रडलो. तेवढ्यात गाभाऱ्यातून गुरवाची हाक आली, "मास्तर, उजवी पडली." वारा आला असेल, पाणी सुकलं असेल. कळी ओली असते तोवरच चिकटते, हे मलाही कळतं. मी त्यावर वाद घालत नाही. मी उठून साष्टांग नमस्कार घातला, एवढंच.

नंतर मी गुरवाला विचारलं, ही बाई कोण? सवय जात नाही म्हणतात ती अशी. ही पढवून आणलेली तर नव्हे, हेही मनात येऊन गेलं. गुरव म्हणाला, "खाडीच्या तोंडाशी दिलेली हाय, माहेर आपल्या कोळीवाड्यातलं. वरसाला होळीनंतर येते. यंदा तिकडं होडी मिळाली न्हाय, म्हनून उशीर झाला." होडी वेळेवर मिळाली असती तर तिचा नैवेद्य केव्हाच होऊन गेला असता. मी पहिला कौल मानला असता तर आम्ही तिला ओझरतं बघून घरी गेलो असतो, मुलीला टोचलं असतं आणि मुलाला तसंच ठेवलं असतं. माझ्या संशयाचासुद्धा आईने उपयोग करून घेतला. हे कळलं तेव्हा मी संशय घेणं सोडून दिलं असं नाही, पण त्याचा अभिमान तिथेच गळून पडला.

घरी आल्यावर पत्नी मुलीला पाळण्यात घालून, दोरी हातात घेऊन, माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाली, "त्या माणसाला तुम्ही खाटीक म्हणाला होतात." तिने मला दुसरं काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

सोमवारी मी लवकर शाळेत गेलो. देवी डॉक्टर ओसरीवर पिशवी उघडून बसला होता. तीन वर्षांत केस पांढरे झाले होते. आळीतल्या बायका मुलं घेऊन लांब, चाफ्याखाली उभ्या होत्या. आलेल्या होत्या त्या टोचायला नव्हे, मास्तर काय करतात ते बघायला. मी त्याच ओसरीवर उभा राहिलो आणि जे केलं होतं ते सांगितलं. लस पुसली ते, राख लावली ते, डॉक्टरांपुढे गप्प राहिलो ते. "चोर सोडून मी संन्याशाला फाशी दिली," असं म्हणून मी त्या माणसापुढे हात जोडले. चाफ्याखाली कुजबुज झाली. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "अगो बाय, मास्तरबी?" त्या 'बी'मध्ये किती घरांतली राख होती कुणास ठाऊक.

तो माणूस उठून उभा राहिला. म्हणाला, "बसा मास्तर. त्या दिवशी मी तेच विचारायला आलो होतो. राखेने चिघळलेले दंड मी पुष्कळ बघितले आहेत."

"मग नंतर विचारलं का नाही? गावात सांगितलं का नाही? मी तुमची एवढी नाचक्की केली."

त्याने सुईची दांडी दिव्यावर धरली. "मूल तेव्हा मरणाच्या दारात होतं. अशा बापाला 'हे तू केलंस' असं कसं सांगायचं?" मग मुलीचा दंड धुता धुता पुढे म्हणाला, "कधीतरी कळेल म्हटलं."

तीन वर्षं या माणसाने माझी चूक स्वतःच्या अंगावर वागवली होती, आणि मी त्याला सूड घेणारा समजत होतो. माझ्या दोन्ही मुलांना त्याने टोचलं, मुलाला या वेळी उजव्या दंडावर. मुलगा किंचाळला तेव्हा त्याला मी धरलं होतं. त्यानंतर चाफ्याखालची पहिली बाई पुढे आली. दुपारपर्यंत ओसरी रडणाऱ्या पोरांनी भरून गेली होती.

पुढचे आठ दिवस माझ्या आयुष्यातली सर्वांत कठीण साधना होती. चौथ्या दिवशी दोघांचे दंड लाल झाले, मुलीचं अंग तापलं, आणि माझे हात शिवशिवू लागले. पुसावं, काहीतरी लावावं, निदान फुंकर घालावी. पत्नीचा माझ्यावर काडीचा विश्वास उरला नव्हता. न्हाणीच्या चुलीतली राख ती दोन्ही वेळा माझ्यादेखत सुपात भरायची आणि पोफळीच्या आळ्यात नेऊन टाकायची. घरात चिमूटभर राख राहू देत नव्हती. आमच्या घरातला संशय असा योग्य माणसाकडे गेला आणि योग्य माणसावर बसला. मी पाळण्याशेजारी हात जोडून बसायचो आणि म्हणायचो, आई, तू तुझं काम कर, मला फक्त मधे येऊ देऊ नकोस. आठव्या दिवशी तो माणूस आला. दोघांचे दंड पाहून म्हणाला, "छान उठल्यात." वाटोळे, भरलेले, चिंचोक्यासारखे फोड. मी ते किती वेळ बघत बसलो असेन!

त्या साली आमच्या आळीत देवी आल्या नाहीत. त्या म्हातारीला पुढच्या वर्षी मी दहीभात घेऊन मुद्दाम भेटलो. तिने मला ओळखलं नाही. मुलीचा दंड पुढे केला तेव्हा मात्र तिने त्या खुणेवर अंगठा फिरवला आणि हसली. "ही खरी," म्हणाली. दोन वर्षांनी ती यायची थांबली. तिचा नैवेद्य आता आमच्या घरातून जातो.

मुलगा आता मोठा झाला आहे. त्याला मी सगळं सांगितलं आहे. तो रागावला नाही, आणि त्याने रागवायला हवं होतं असं मला अजून वाटतं. देवळात आम्ही शेजारी शेजारी उभे राहतो, तेव्हा नमस्कारासाठी तो हात कपाळाशी नेतो. उजवा तिथे पोचतो, डावा जरा खालीच अडतो, मग तो मानच खाली आणून मिळवून घेतो. ते पाहिलं की मी माझे दोन्ही हात घट्ट जोडतो. आईकडे मागण्यासारखं माझ्यापाशी काही उरलेलं नाही. जोडलेल्या हातांना दुसरं काही करता येत नाही, म्हणून जोडतो.